गिटारवरची मींड

उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीवर कान तयार झालेल्या आपल्या कोल्हापुरात जॅझ गिटारला काय काम? उत्तर ‘शक्ती’ या वाद्यवृंदात आहे.

इंग्लंडचे जॅझ गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन आणि उस्ताद झाकीर हुसेन यांनी १९७०च्या दशकात तो उभा केला. गिटारवर मींड घेता यावी म्हणून मॅकलॉफलिन यांनी पडद्यांमधला भाग खोलगट कोरून घेतला आणि सतारीसारख्या तरफेच्या तारा बसवल्या. १९७७च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर शक्तीच्या नव्या स्टुडिओ अल्बमसाठी रसिकांनी तब्बल ४६ वर्षं वाट पाहिली. २०२३मध्ये ‘धिस मोमेंट’ आला, तेव्हा मॅकलॉफलिन ८१ वर्षांचे होते. त्यात गायला आहे ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटातला आपला पंडितजी, म्हणजे शंकर महादेवन. व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, तालवाद्यांवर सेल्वगणेश. २०२४मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले.

ऐकताना आधी हातावर ताल धरा, मग गळा आणि गिटार यांची सवाल-जवाबाची जुगलबंदी ऐका. मैफलीत समेवर मान डोलते ना, तशी इथंही डोलेल. नक्की ऐका.