खेळतं लेकरूही डॉक्टरांना दाखवा

(ब्राह्मणपुरी, ता. शहादा येथे पालकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



“लेकरू खेळतंय, मग दवाखान्यात कशाला?” असं पुष्कळ आया मला विचारतात. पूर्वी मीही तेच म्हणायचे. माझा धाकटा अंगानं बारीक. ‘बापावर गेलाय’ म्हणून मी सोडून दिलं. दीड वर्षाचा असताना अंगणवाडीच्या ताईंनी त्याच्या दंडाला पट्टी लावली, ती लाल रंगावर थांबली. दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे तीव्र कुपोषण. रोज कडेवर असलेलं लेकरू मला कळलंच नव्हतं.

म्हणून सांगते, दर महिन्याला वजन करा. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी चुकवू नका. गोवर-रुबेलाची पहिली लस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. आपल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल आढळतो, त्यासाठी रक्तही तपासून घ्या.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघाल, तेव्हा भांड्यांबरोबर लसीकरणाचं कार्डही बांधा. जिथं कोपी पडेल तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवा. लस तिथंही फुकटच मिळते.

आणि मंडळीतल्या बंधूंनो, दवाखान्यात गेलं तर आईची मजुरी बुडते. त्या दिवशी तिला गाडीवरून सोडा, तिची थोरली मुलं सांभाळा. हीही सेवाच आहे.

माझा धाकटा आता शाळेत जातो. अजून बारीकच आहे, पण आता मी अंदाजावर राहत नाही, काट्यावर बघते.