अनुभवाला हवी श्रवणाची जोड

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या अधिकारी व कर्मचारी यांच्या मार्गदर्शन वर्गात दिलेले भाषण)



सेवानिवृत्ती म्हणजे कार्याची समाप्ती नव्हे, हे वाक्य आपण निरोपसमारंभांतून अनेकदा ऐकले आहे. परंतु हारतुरे सुकल्यानंतर करावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाचे एक नवे उत्तर अलीकडे पुढे येत आहे व ते म्हणजे कोच होणे. अधिकाऱ्यांना त्यांच्या कामात साहाय्य करणारा तो एक्झिक्युटिव्ह कोच. आहार, निद्रा व व्यायाम यांच्या चांगल्या सवयी लावून घेण्यास साहाय्य करणारा तो वेलनेस कोच. आपल्यापैकी काहींनी याविषयी चौकशी चालविली असल्याचे समजले. म्हणून या व्यवसायाचे स्वरूप, त्याची तयारी आणि त्याच्या मर्यादा आपल्यापुढे मांडीत आहे.

या व्यवसायाचा एक उगम टेनिसच्या मैदानावर आहे. अमेरिकेत टेनिस शिकविणारे टिमोथी गॅल्वे यांना असे आढळले की, सूचनांचा भडिमार केल्याने खेळाडूचा खेळ सुधारण्याऐवजी बिघडतो. उलट, चेंडूकडे लक्षपूर्वक पाहावयास लावले की, तो आपली चूक आपणच दुरुस्त करू लागतो. १९७४ मध्ये त्यांनी ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात हा विचार मांडला. ब्रिटनच्या सर जॉन व्हिटमोर यांनी तो उद्योगक्षेत्रात रुजविला. व्हिटमोर हे मूळचे मोटार-शर्यतपटू. १९६५ मध्ये त्यांनी युरोपीय टूरिंग कार अजिंक्यपद मिळविले होते. त्यांचे ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ हे पुस्तक १९९२ मध्ये निघाले. म्हणजे या व्यवसायाचा एक आद्य प्रवर्तक स्वतःच दुसऱ्या कारकीर्दीत त्याकडे वळला होता!

व्हिटमोर व त्यांचे सहकारी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत : ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार. समजा, कारखान्यातील एक तरुण विभागप्रमुख आपणाकडे आला आणि म्हणाला, “माणसे वेळेवर काम पुरे करीत नाहीत.” तीस वर्षे खुर्चीवर बसलेल्या आपल्या तोंडून चटकन निघेल, “मी तुमच्या जागी असतो तर दोघांना मेमो दिला असता.” कोचने नेमके हेच टाळावयाचे असते. त्याने विचारावे, “महिनाअखेर काय बदललेले तुम्हांला दिसावयास हवे? आज नेमके कोणते काम अडते? कोणाकडे अडते? आजवर कोणते उपाय केले? आणखी काय करता येईल? यांपैकी कोणती गोष्ट सोमवारी कराल?” उत्तर त्या तरुणाचे असले म्हणजे जबाबदारीही त्याची राहते. सल्ला देणे सोपे आहे. मौन पाळून ऐकणे कठीण आहे. उंटावरून शेळ्या हाकण्याची सवय जडलेल्या माणसाला तर ते अधिकच कठीण. आपला अनुभव हे मोठे भांडवल खरेच. पण त्याचा उपयोग अचूक प्रश्न सुचण्यासाठी व्हावा, तयार उत्तरे वाटण्यासाठी नव्हे.

वेलनेस कोचचे कामही याच जातीचे आहे. डॉक्टरांनी एखाद्या भगिनीला पहाटे फिरावयास सांगितले. पण तिच्या घरी नळाला पाणी येते तेच मुळी पहाटे. तिला आळशी ठरविण्यापेक्षा दिवसातील कोणता अर्धा तास तिचा स्वतःचा होऊ शकेल, हे तिच्यासमवेत शोधणे म्हणजे कोचचे कार्य.

मात्र येथेच धोक्याची खूण ध्यानात घ्यावी. निदान करणे, औषध सुचविणे अथवा बंद करावयास सांगणे हा कोचचा अधिकार नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीला दिलेला एक अविचारी सल्ला तिच्या जिवावर बेतू शकतो. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा इत्यादी विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय अधिनियमाने बंदी घातली आहे. म्हणून चूर्णे व डबे विकण्याच्या मोहापासून दूरच राहावे. समोरच्या व्यक्तीच्या बोलण्यात खोल नैराश्य किंवा जीवन नकोसे झाल्याची भावना जाणवली तर तिला विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आता तयारीविषयी. या व्यवसायाचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. त्यामुळे कोणीही पाटी लावू शकतो आणि कोणीही महागडे वर्ग काढू शकतो. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघाच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव अपेक्षित असतो. यावरून दोन दिवसांत ‘मास्टर कोच’ बनविणाऱ्या जाहिरातींचे मोल आपण ठरवावे. योगाची आवड असणाऱ्यांसाठी आयुष मंत्रालयाने २०१८ मध्ये स्थापन केलेल्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास स्थापन केलेले कैवल्यधाम तर आपल्या राज्याचे भूषणच होय.

उपदानाची रक्कम एकदम प्रशिक्षणात गुंतवू नये. प्रथम विनामोबदला दहा व्यक्तींचे म्हणणे ऐकून पाहावे. आपल्याला ते साधते काय आणि रुचते काय, हे कळून येईल. जे अद्याप शासकीय सेवेत आहेत त्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये पूर्वपरवानगीवाचून खाजगी व्यवसाय करता येत नाही, याचे स्मरण ठेवावे. निवृत्तीनंतर पहिल्या दोनतीन वर्षांत या कामावर घर चालेल अशी अपेक्षा धरू नये. निवृत्तिवेतनाला पूरक उत्पन्न म्हणूनच त्याकडे पाहणे हिताचे.

मित्रहो, आजवर आपल्या सहीला वजन होते, म्हणून लोक आपले ऐकत असत. यापुढे आपण त्यांचे मनापासून ऐकतो, म्हणून ते आपणाकडे यावेत. हा पालट ज्यांना साधेल त्यांच्या अनुभवाचा समाजाला दीर्घकाळ लाभ होईल.