सी ड्राइव्ह लाल झाला की आधी काय काढायचं?

आज थळहून बोलतोय. शेजारच्या काकांचा सी ड्राइव्ह 60 जीबीचा, शिल्लक जेमतेम 1 जीबी; अपडेट अडकलेलं. काका म्हणाले, "होडीचे फोटो उडव." म्हटलं, थांबा! जे परत बनतं ते आधी काढू.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. त्यावर खूण नाही ना, बघा. काकांची होडीची कागदपत्रं तिथेच होती.

हायबरनेट वापरत नसाल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ'. रॅमच्या साधारण 40 टक्के जागा सुटते.

विनएसएक्सएस फोल्डरमधलं हाताने काही उडवू नका, विंडोज बसेल. फोटो डी ड्राइव्हवर न्या, एक प्रत पेनड्राइव्हवर. विंडोज परत टाकता येतं, फोटो नाही.