स्वहस्ते घडविलेली विमाने



अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश हे एक लहानसे शहर आहे. दरवर्षी जुलैच्या अखेरीस तेथील विमानतळावर विमानांची जणू जत्राच भरते. वैमानिक आपापली विमाने स्वतः चालवीत तेथे येतात. दुसऱ्या महायुद्धकाळातील मस्टँग, कापडी पंखांचे जुने स्टिअरमन आणि कोणा हौशी कारागिराने घरी बांधलेले छोटे विमान, ही सारी एकाच मैदानावर शेजारी-शेजारी उभी असतात. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली स्थापन केलेली हौशी विमानबांधकांची संस्था हा मेळावा भरविते. १९७० पासून तो ऑशकॉश येथे होतो.

हौशी माणसाने बांधलेले विमान आकाशात सोडणे धोक्याचे नाही काय? तेथील कायद्याने यावर बंदीचा नव्हे, शिस्तीचा मार्ग काढला आहे. विमानाची निम्म्याहून अधिक बांधणी हौशी बांधकानेच करावी लागते. कामाची नोंद ठेवावी लागते. तपासणीनंतर ठरवून दिलेल्या क्षेत्रातच चाचणी-उड्डाणे होतात आणि विमानावर ‘प्रायोगिक’ ही पाटी कायम राहते.

अशी जिद्द महाराष्ट्रातही आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. नोंदणी मात्र दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१७ मध्ये झाली.

कौशल्य गच्चीवरही जन्म घेते. त्याला धावपट्टीपर्यंत नेण्यासाठी सुस्पष्ट नियम आणि वेळेवर तपासणी लागते. ते काम शासनयंत्रणेचे आहे.