मुख्य विषय एक, आवडी अनेक



या व्याख्यानमालेत एरवी संतसाहित्यावर, इतिहासावर, नाटकावर बोलणं होतं. मी आज एक घरगुती विषय घेऊन उभा आहे. बारावीचा निकाल लागला की आपल्या वडोदऱ्यातल्या घराघरांत तो निघतो. मुलाला किंवा मुलीला चार गोष्टी आवडतात, चारही बऱ्या येतात, आणि महाविद्यालयाच्या अर्जात मुख्य विषयाचा रकाना एकच असतो. त्यात काय लिहायचं?

यंदा हा प्रश्न माझ्या नातीचा होता. तिला रसायनशास्त्र आवडतं, चित्रं काढायला आवडतात, आणि माझ्याशेजारी बसून मराठी कादंबऱ्या वाचायला आवडतात. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. सल्ला जिभेवर तयार होता : ‘‘सगळ्यांत जास्त आवडतं ते घे.’’ ती म्हणाली, ‘‘आजोबा, तिन्ही सारखीच आवडतात. आणि एक घेतलं म्हणजे बाकीची दोन सोडायची, असंच ना?’’

मी गप्प झालो. अठराव्या वर्षी मीही असंच समजून चाललो होतो. मी तबला शिकत होतो. वडील म्हणाले, ‘‘एक काय ते धड कर.’’ मी तबला माळ्यावर ठेवला. चाळीस वर्षांनी खाली काढला तेव्हा शाई तडकली होती आणि वाद्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. वडिलांना दोष देत नाही. घरात मिळवते ते एकटेच होते. पण रसायनशास्त्र घ्यायला तबला सोडावा लागत नाही, एवढं मला कोणी सांगितलं नाही. आज ते तुम्हाला सांगायचं आहे.

आपल्यापैकी अनेकांना परिचित असलेलं एक उदाहरण घेऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी 1907 साली गोव्यात जन्मले आणि हार्वर्डला शिकले. तिथे बर्कहॉफ या मोठ्या गणितज्ञाने त्यांना गणितावरच लक्ष द्यायला सुचवलं होतं. कोसंबींनी मात्र इतर अनेक विषयांचेही वर्ग घेतले. 1929 साली पदवी घेऊन ते परतले. पुढे नोकरी केली ती गणिताचीच : बनारस, अलिगढ, फर्ग्युसन आणि मग टाटा मूलभूत संशोधन संस्था. पण त्याच गणिताने त्यांनी प्राचीन नाण्यांचं कोडं हाताळलं. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, म्हणजे हलकं होतं. तेव्हा हजारो आहत नाणी तोलून, संख्याशास्त्राच्या आधाराने, कोणती आधीची आणि कोणती नंतरची याचा अंदाज बांधता येतो. 1944 साली त्यांनी आनुवंशशास्त्रासाठी मांडलेलं सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी काढली आणि 1956 साली भारतीय इतिहासावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. नोकरी एका विषयाची, पण त्या विषयातून मिळालेली शिस्त त्यांनी बाकीच्या आवडींना लावली.

दुसरं उदाहरण आपल्या गावाशी जोडलेलं. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर इथल्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछपाई, जादूचे प्रयोग; बघणाऱ्याला वाटलं असेल, या माणसाचं एक धड नाही. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा यातलं बरंच काही कामाला आलं. ज्या व्यवसायात ते सारं एकत्र यायचं होतं, तो फाळके शिकत होते तेव्हा जन्मलाही नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, सगळीच मुलं कोसंबी किंवा फाळके नसतात. अगदी खरं. म्हणून साध्या मुलांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी, काही साध्या कसोट्या सांगतो. नातीबरोबर बसून मी याच लावल्या.

पहिली कसोटी : घरी एकट्याने काय शिकता येणार नाही? कादंबरी घरी वाचता येते. प्रयोगशाळा घरी उभी करता येत नाही. गणिताची तर शिडी असते. मधल्या पायऱ्या गाळून वर जाता येत नाही. ज्या विषयाला शिक्षक, उपकरणं आणि क्रम यांची सर्वांत जास्त गरज आहे, त्याला महाविद्यालयाची वर्षं द्यावीत.

दुसरी : कोणतं दार मागे बंद होतं? विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला पुढे साहित्याकडे किंवा इतिहासाकडे वळता येतं. उलट प्रवास फार अवघड. दोन आवडी खरोखर तुल्यबळ असतील, तर परतीची वाट ठेवणारी आधी घ्यावी.

तिसरी : कोणत्या विषयातला कंटाळा तुम्हाला सोसतो? आवडीचा भाग सगळ्यांनाच आवडतो. पण रसायनशास्त्र म्हणजे तेच अनुमापन पुन्हा पुन्हा करणं, आणि साहित्याचा अभ्यास म्हणजे एका शब्दासाठी चार कोश धुंडाळणं. ज्याचं रटाळ काम हातून होतं, तो विषय आपला.

चौथी कसोटी पालकांची. घर किती वर्षं शिक्षणाचा भार उचलू शकेल, हे मुलांना आकड्यात सांगा. ‘तुला हवं ते कर’ म्हणायचं आणि चेहऱ्यावर काळजी ठेवायची, याने मूल जास्त गोंधळतं.

नियमही आता पूर्वीइतके आवळलेले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 श्रेयांक आहेत. त्यांपैकी मुख्य विषयाला किमान 60 आणि गौण विषयाला 24. पहिल्या वर्षानंतर मुख्य विषय बदलण्याची सोयही त्यात आहे. प्रत्यक्षात कोणत्या जोड्या मिळतात हे प्रत्येक महाविद्यालयात वेगळं असतं. तेव्हा अर्ज भरण्याआधी कार्यालयात जाऊन विचारा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

माझ्या नातीने रसायनशास्त्र घेतलं. चित्रं रविवारी काढते, कादंबरी रात्री वाचते. या तिन्हींचा पुढे मेळ बसेल का? बसेलही. जुन्या चित्रांच्या जतनाच्या कामात रसायन आणि रंग दोन्ही जाणावे लागतात. नाहीही बसणार. पण न बसला तरी ती चित्रं वाया गेली असं मी म्हणणार नाही.

हे मी एवढ्या भरवशाने का म्हणतो? श्रोतेहो, आपल्याकडेच बघा. आपले आजे-पणजे संस्थानच्या चाकरीसाठी इथे आले. बाहेर गुजराती, कचेरीत गुजराती-इंग्रजी, आणि घरी मराठी. आपल्यापैकी बहुतेकांची भाकरी मराठीवर नाही. तीन-चार पिढ्या मराठी हा आपला गौण विषय आहे! त्याला ना गुण, ना श्रेयांक, ना नोकरी. तरी तो टिकला, कारण कोणीतरी दर आठवड्याला त्याला ठरलेला वेळ दिला. या मंडळाचं वाचनालय उघडलं, दिवाळी अंक घरोघर फिरवले, नाटकाच्या तालमी केल्या. मुख्य विषय नसलेली गोष्ट जन्मभर कशी जपायची, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

तेव्हा मुलांनो, रकान्यात एक विषय लिहा आणि तो मन लावून शिका. बाकीच्यांना आठवड्यातला एक ठरलेला तास आणि शक्य तर एक गुरू द्या. ‘वेळ मिळाला की करू’ म्हणून ठेवलेल्या गोष्टीच माळ्यावर जातात. आणि पालकांनो, ‘एक काय ते धड कर’ हे वाक्य तोंडावर आलं, तर माझा तबला आठवा. तो मी आता नव्याने मढवून घेतला आहे. हात पूर्वीसारखा चालत नाही. तरी रोज सकाळी बसतो.