पाचशे मीटरच्या आतला माणूस

परिषदेच्या संयोजकांनी मला ‘वैद्यकातील मोबाइल तंत्रज्ञानाचा आढावा’ घ्यायला सांगितलं होतं. टेलिमेडिसिन, मनगटी घड्याळातला ईसीजी वगैरे तरुण मंडळी सकाळपासून माझ्याहून चांगलं सांगताहेत. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलायला मी बरीच वर्षं थांबलो आहे.

हृदय बंद पडलं की छातीवर दाब, म्हणजे सीपीआर, न मिळालेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका येईपर्यंत वाचवणारा कोणी असलाच तर तो त्याच इमारतीत, त्याच गल्लीत असतो. आणि तो अनोळखी असतो. स्टॉकहोममध्ये त्याला मोबाइलवरून गाठलं. संशयित रुग्णासाठी फोन आला की ५०० मीटरच्या आतल्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचे फोन वाजायचे. २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. स्वयंसेवकांना न बोलावलेल्या गटात ४८ टक्के रुग्णांना रुग्णवाहिकेआधी सीपीआर मिळाला, बोलावलेल्या गटात ६२ टक्क्यांना.

आता आमचे संख्याशास्त्री मित्र हात वर करतील, की तीस दिवसांनी जिवंत असलेल्यांत ठोस फरक दिसला नाही. खरं आहे. दुसरे म्हणतील, अर्धवट शिकलेला माणूस बरगड्या मोडेल. मोडतोच. माझ्या एका पेशंटच्या दोन बरगड्या खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या पोराने मोडल्या. गृहस्थ पुढे महिनाभर ओपीडीत येऊन त्याच्या नावाने खडे फोडत. खडे फोडायला ते समोर बसलेले होते, एवढा पुरावा मला पुरला.

आणि ही दुसरी सोसायटी. चौथ्या मजल्यावर वडील कोसळले तशी मुलीने व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘कोणी डॉक्टर आहे का? अर्जंट.’ त्या वेळी ग्रुपवर पार्किंगवरून जुंपली होती. तिचा मेसेज त्यात बघता बघता वर सरकून दिसेनासा झाला. बी विंगमध्ये एक भूलतज्ज्ञ बाई टीव्ही बघत बसल्या होत्या. रोजच्या कटकटीला कंटाळून त्यांनी ग्रुप म्यूट केला होता. त्यांना कळलं ते शववाहिका फाटकात आल्यावर. उभी हयात माणसं मरणाच्या दारातून मागे आणलेली ही बाई, मध्ये फक्त दोन जिने!

स्टॉकहोमसारखी योजना मांडली की दर वेळी ठरलेलं उत्तर मिळतं, “उद्या केस झाली तर?” मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४-ए आलं, मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं, पण वाहन अपघातापुरतंच. रस्त्यात गाडीखाली आलेल्याला उचलणारा सुरक्षित आणि जिन्यात कोसळलेल्याला हात लावणारा वाऱ्यावर! हे संरक्षण वाढवा म्हणून आपल्या संघटनेने एक साधा ठराव तरी केला? परिषदेच्या बॅगेच्या रंगावर मात्र कार्यकारिणीत तासभर खल होतो.

यंदा काहीतरी सुरू करू. एखादं शहर घेऊ, १०८च्या लोकांशी बोलू, बाकीचं समिती ठरवेल. तोवर बाहेर नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी तीत नाव, मोबाइल नंबर आणि पत्ता लिहा. पत्ता दवाखान्याचा नको, घराचा लिहा. बहुतेक हृदयं घरीच बंद पडतात.