गाण्याला बिल्टी लागत नाही
(आदिलाबाद येथे सीमाभागातल्या मराठी दुकानदारांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आत्ता आपण सगळ्यांनी उभं राहून 'जय जय महाराष्ट्र माझा' म्हटलं. माझं हे सगळ्यात आवडतं गाणं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा तो आवाज. तो वर चढला की माझी मान आपोआप ताठ होते. 2023 मध्ये ते महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. 2024 मध्ये अंदेश्री यांचं 'जय जय हे तेलंगणा' आपल्या राज्याचं गीत झालं, आणि कॉलेजात मी तेही तितक्याच जोरात म्हणते. एकच तक्रार आहे. मराठी गाण्यात कृष्णा आहे, गोदावरी आहे, आपली पैनगंगा नाही. आणि आपलं सगळं दुकान तर तिच्याच दोन काठांवर मांडलेलं!

1956 पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं बदलली, पण सोयरिकी आणि गिऱ्हाईक तेच राहिलं. गाणं नदी ओलांडतं तेव्हा त्याला कोणी कागद मागत नाही. मालाचं तसं नाही, म्हणून मी आज उभी आहे.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले. आपल्याला वाटलं, चला, सीमा संपली. संपली नाही बाप्पा! ती नाक्यावरून उठून बिलात जाऊन बसली.

कसं ते सांगते. 1 एप्रिल 2019 पासून मालाच्या व्यापाऱ्यासाठी नोंदणीची मर्यादा 40 लाखांची झाली. महाराष्ट्राने ती घेतली, तेलंगणाने 20 लाखच ठेवली. पलीकडचा मावसभाऊ सांगतो, "मला नोंदणी लागत नाही," आणि आपण त्याच्यावर विसंबतो. पण त्याचा नियम आपल्याला लागू नाही. त्यातही करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागतेच. हातमाग-हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडा. कंपोझिशनमध्ये असाल तर परराज्यात विक्रीच करता येत नाही, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना कोणी सांगितलेलंच नाही.

गिऱ्हाईक काउंटरवरून माल घेऊन गेलं आणि बिलावर पत्ता नाही, तर ती इथलीच विक्री. ऑक्टोबर 2023 पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर पलीकडचा पत्ता पडला, की ती आंतरराज्य विक्री धरतात. आपण छोट्या हत्तीत माल भरून तिकडे पोचवला, तरी तेच. 50 हजारांवरच्या मालाला ई-वे बिल हवं. ते नसताना गाडी अडली तर दंड साधारण कराच्या दुप्पट. एका फेरीत महिन्याची कमाई गेली.

कास्तकार मंडळींनी घाबरू नये. स्वतःच्या शेतातला माल विकायला त्यांना नोंदणी लागत नाही. कापसाचा कर नोंदणीकृत खरेदीदार भरतो.

आता खरा मुद्दा. हे नियम अवघड नाहीत, ते आपल्या भाषेत आपल्यापर्यंत पोचत नाहीत. नोटीस इंग्रजीत येते, समजावणारा तेलुगूत बोलतो. काका मान डोलावतात आणि घरी येऊन माझ्यासारख्या पोरीला विचारतात, "काय लिहिलंय गं?" मी राज्यशास्त्र शिकते, हिशेब नाही. तरी वाचून दाखवते.

राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी त्यात नाही, पण आपला अर्ज मराठीत आहे म्हणून तो परत करता येत नाही. मग आपण आजवर किती अर्ज मराठीत दिले? फलकासाठी, शाळेसाठी दिले. दुकानासाठी एकही दिल्याचं मला माहीत नाही.

तेव्हा मागणी एवढीच: सीमेलगतच्या मंडलांत कराचे नियम मराठीत छापून द्या, आणि महिन्यातून एक दिवस मराठी जाणणारा माणूस बसवा. अर्जाचा मसुदा मी लिहून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. सही करा आणि खाली दुकानाचं नाव, गाव लिहा. येत्या रविवारी आम्ही चार-पाच जणं इथेच बसणार आहोत. गेल्या तीन महिन्यांची बिलं सोबत आणा, पिशवीत कोंबलेली असली तरी चालतील.